आधी पुढचा आकडा

राजोडी,
१५ नोव्हेंबर २००७

सुमेधा,

दिवाळी झाली. निधीचं परकर-पोलकं मिळालं, असं तिनं रविवारी फोनवर सांगितलं. परकर कमरेला सैल होतो म्हणाली. मी तो मुद्दामच सैल शिवलाय, टाके घालून आवळू नकोस. या वयात मुली एका पावसाळ्यात वाढतात. तू फोनवर आली नाहीस. कामात असशील. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तू गॅस बंद केलास, तेवढं ऐकू आलं.

निधी पोहायला शिकते म्हणे. पाण्यात तोंड घालून पाय मारता येतात आता तिला. चेन्नईला गेल्यापासून एकदम धीट झाली आहे. कोण शिकवतं, ते मी विचारलं नाही.

अक्षर वाकडं येतंय, कारण खाटेवर बसून लिहिते आहे. पायाचं विशेष काही नाही. इझाबेल सकाळी मासळीची पाटी घेऊन येते, तेव्हा पाणी भरून देते आणि भाकरीही टाकून जाते. मी नको म्हणते, पण ती ऐकत नाही. तिचा नवरा फर्डिनंड पाचूबंदरला बोटीवर असतो आणि मुली लग्न होऊन गेल्या. तेव्हा माझ्याकडे बसायला तिलाही बरं वाटतं, असं मी धरून चालते.

वाडीच्या टोकाचे तुमचे रेडिओचे खांब ठीक आहेत. विलास फुलपाड्याहून रोज मोटारसायकलवर येतो, खोली उघडतो, यंत्र बघतो, माझ्याकडे चहा घेतो. त्याच्याकडून कळलं की तुमच्या संस्थेचं पत्र आलंय. चाचणीची मुदत मार्चअखेर संपते. मग इथलं सगळं उचलून नेणार. केळव्याचं केंद्र तर गणपतीपासूनच बंद ठेवलंय. तुला हे माहीत असेलच. मी सांगायचं म्हणून सांगितलं.

परेशनं आणि तू तो खांब उभा केलात, तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता. फर्डिनंड तर भांडायलाच आला होता, की या खांबानं मासे पळतात. परेश त्याला खोलीत घेऊन गेला, पडदा दाखवला, तासभर बोलत बसला. बाहेर आल्यावर फर्डिनंड मला म्हणाला, "बाई, पोरगा चांगला आहे, पन मासे पळतातच." आपण सगळे किती हसलो होतो. तू हसताना ओट्यावर बसून पोट धरलं होतंस. निधी तेव्हा पाळण्यात होती.

लोक विचारतात, सून काय म्हणते. मी सांगते, मजेत आहे, कामात असते, पत्र येतं तिचं. शेवटचं पत्र जूनमध्ये आलं होतं, हे मी कोणाला सांगत नाही.

वेळ होईल तेव्हा लिही.

आई


राजोडी,
६ जानेवारी २००८

सुमेधा,

थंडी छान पडली आहे. केळी चांगली धरलीत. सांडोरच्या माणसाला यंदाही बाग बघायला दिली आहे. पाय आता पुष्कळ बरा. विलासनं तुला प्लास्टरचं सांगितलं, ते त्यानं सांगायला नको होतं. बावखलाच्या पायरीवर पाण्यालगत शेवाळ होतं, पाय सरकला, एवढंच. तू त्याच्याकडे माझी चौकशी केलीस, हे मात्र त्यानं सांगितलं ते बरं केलं.

विलासच्या पोटात काही राहत नाही. परवा चहा घेताना चेन्नईच्या गोष्टी सांगत होता. तुमचं नवं जहाज, त्यावरची यंत्रं, मग "रमेश सर आणि सुमेधा मॅडम" असं काही बोलला आणि एकदम थांबला. मी म्हटलं, कोण रमेश सर? तर त्यानं कप उचलला आणि सगळा चहा पायजम्यावर सांडून घेतला. मग चहानं भाजल्याचं निमित्त करून अंगणात गेला तो आलाच नाही. मी पुढे विचारलं नाही. माणसाला पोळल्यावर काय विचारायचं.

त्या दिवशी दुपारी मी बावखलाकाठी जरा जास्तच वेळ बसले. पाणी खाली गेलंय, पण कडेचा जांभूळ तसाच वाकलेला आहे. तुला आठवतं का, तुमचं काम काय ते मला कळेना, तेव्हा परेशनं मला तिथेच उभं केलं होतं. पाण्यात सुकलेलं पान टाकलं आणि म्हणाला, "आई, एकच डोळा आहे असं समज आणि फक्त एवढंच सांग, पान तुझ्याकडे येतंय की लांब जातंय." मी सांगितलं, लांब जातंय. मग तुला पलीकडच्या काठावर उभं केलं आणि तेच विचारलं. तू म्हणालीस, माझ्याकडे येतंय, पण हळू. परेश म्हणाला, एका खांबाला एवढंच कळतं. रेडिओची लहर समुद्रावर जाते, लाटांवरून परत येते, आणि पाणी आपल्याकडे येतंय की लांब चाललंय तेवढं सांगते. म्हणून दुसरा खांब केळव्याला. दोघांचं म्हणणं एकत्र केलं की पाणी खरं कुठे चाललंय ते निघतं. चौथीच्या मुलांना मी तीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही.

मग परेश पुराच्या पाण्यातून चालत आला, ताप आला आणि आठवड्यात गेला. त्याबद्दल आपण दोघी कधी फारसं बोललो नाही. तू यंत्रांकडे बघत बसायचीस, मी निधीकडे. नंतर चेन्नईची नोकरी आली, तेव्हा जा असं मीच म्हटलं होतं. ते मनापासून म्हटलं होतं, अजूनही तसंच म्हणते.

आज एवढंच. हात दुखायला लागला.

आई


राजोडी,
३ फेब्रुवारी २००८

सुमेधा,

उत्तर आलं नाही तरी लिहायला बसले, कारण आज घर फार शांत आहे.

परेशचं कपाट आवरलं. दोन स्वेटर विलासला दिले, त्याला लांब होतात, पण मोटारसायकलवर घालतो. शर्ट आश्रमशाळेत पाठवले. तो निळा चौकड्यांचा ठेवला आहे, निधी मोठी झाल्यावर तिला हवा असला तर असू दे. बाकी काही ठेवलं नाही. कपाट रिकामं झालं, तेव्हा वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही.

इझाबेलची एक नणंद आहे, गासला राहते. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. आता तिला एक चांगला माणूस विचारतोय आणि ती सासरच्या माणसांना कसं सांगावं म्हणून झुरते आहे. माणसानं उगीच एकटं राहू नये, असं मला वाटतं. ज्यांना तिचं बरं व्हावं असं वाटतं, त्यांना वाईट वाटणार नाही. वाटलंच तर थोडं वाटेल आणि मग जाईल. हे मी इझाबेलच्या नणंदेबद्दल लिहिते आहे.

निधीला सर्दी होती, ती बरी झाली का, कळव.

आई


राजोडी,
१४ मार्च २००८

सुमेधा,

सोमवारी तू फोनच्या त्या टोकाला होतीस, तेव्हा बरंचसं तुला ठाऊक आहे. पण आकडे सोडून या टोकाला काय चाललं होतं, ते तुला कसं कळणार? म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

फर्डिनंडची बोट गुरुवारी गेली होती, शनिवारी परत यायची होती. आली नाही. बरोबर त्याचा पुतण्या आणि आणखी एक खलाशी. शुक्रवारी दुपारी दुसऱ्या बोटीशी वायरलेसवर बोलणं झालं होतं, इंजिन त्रास देतंय म्हणाला होता, त्यानंतर काही नाही. रविवारी पाचूबंदरच्या सगळ्या बोटी शोधायला निघाल्या. वारा वरून, उत्तरेकडून वाहत होता, त्यामुळे बंद पडलेली बोट खाली उत्तनच्या बाजूला जाणार, असं सगळ्यांनाच वाटलं आणि तसं वाटणं बरोबरच होतं. अख्खा दिवस शोधलं. तेलाचा डबासुद्धा दिसला नाही.

रविवारी संध्याकाळी इझाबेल माझ्याकडे आली. पाटी नव्हती, पायात चप्पल नव्हती. सध्या त्यांचा उपवासाचा काळ, त्यात तिनं दोन दिवस पाणीसुद्धा धड घेतलं नव्हतं. ओट्यावर बसली आणि वाडीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमच्या खांबाला दिसत नाय का तो?"

मी तिला म्हटलं, खांबाला बोट दिसत नाही, फक्त पाणी दिसतं. म्हटलं आणि माझ्याच मनात आलं, की पाणी कुठे गेलं ते कळलं तर बोट कुठे गेली ते कळेल. विलासला फोन केला. तो म्हणाला, मीही तेच विचार करतोय काकू, पण केळवं बंद आहे, आणि इथलं इंटरनेट रस्ता खणल्यापासून मेलेलं. आणि हे गणित मला जमणार नाही, मॅडमनाच जमेल. मी म्हटलं, मग मॅडमना फोन कर. तो म्हणाला, करतो. थोड्या वेळानं त्याचा परत फोन आला. तू काय काय सांगितलंस ते त्यानं सांगितलं: त्यानं पहाटे केळव्याला जाऊन केंद्र सुरू करायचं, तिथून दर तासाला आकडे सांगायचे. इथले मागच्या तीन दिवसांचे आणि सोमवारचे आकडे कोणी तरी वाचून दाखवायचे. भरती-ओहोटी रोज तशीच फिरते, तेव्हा केळव्याच्या त्या एका दिवसावरून मागचे दिवस काढता येतील. मग विलास जरा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, इथले आकडे कोण वाचणार? मॅडमनी तुमचं नाव घेतलं."

तू माझं नाव घेतलंस, हे ऐकून मला काय वाटलं, ते आत्ता लिहीत नाही.

विलासनं जाण्याआधी येऊन मला पडदा समजावला. हा कोन, हे अंतर, हा वेग. वेगाच्या आधी उणे चिन्ह असलं तर पाणी आपल्यापासून लांब चाललंय, नसलं तर आपल्याकडे येतंय. त्याला वाटत होतं मी घाबरेन. तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलंय, आकडे वाचायला काय घाबरायचं. तरी पहिली ओळ आधी मनात दोनदा वाचून बघितली, खरं सांगते.

फोन इझाबेलचा होता, मुलीनं दिलेला. माझ्या घरच्या फोनची वायर खोलीपर्यंत पोचत नाही. ती शेजारी स्टुलावर बसली आणि फोन माझ्या कानाला धरून राहिली, म्हणजे मला दोन्ही हात मोकळे. एका हातानं ओळीवर पट्टी धरायची, दुसऱ्यानं कळ दाबून ओळी पुढे न्यायच्या. तिचा हात दुखला असेल. तिनं एकदाही हात बदलला नाही.

मग तू फोनवर आलीस. जूननंतर पहिल्यांदा. मी मनात ठरवलं होतं, की आधी तुझी विचारपूस करायची. तू म्हणालीस, "आई, शुक्रवार दुपारपासून सुरू करा. कोन सांगा." मी कोन सांगितला.

किती वेळ वाचत होते कोण जाणे. तू मधेच म्हणायचीस, ही ओळ परत सांगा. मी परत सांगायची. एकदा मी उणे चिन्ह खाल्लं. तू लगेच ओळखलंस आणि म्हणालीस, "आई, भरती संपल्यावर पाणी तिथे आपल्याकडे येणार नाही, नीट बघा." बघितलं तर उणे होतं. मला फार बरं वाटलं. इतक्या लांबून तुला इथलं पाणी पाठ आहे.

मागचे दिवस संपले. मग दर तासाला एकदा वाचायचं आणि मधे थांबायचं. तू फोन ठेवू नका म्हणालीस, लाइन परत लागेल न लागेल. म्हणून आपण तिघीजणी गप्प बसून राहायचो. तुझ्याकडे कागद उलटल्याचे आवाज यायचे, दुसऱ्या फोनवर विलास. दुपारी तू विचारलंस, "जेवलात का?" मी म्हटलं, नाही. "इझाबेलबाई?" तीही नाही. तू म्हणालीस, मीही नाही. मग तू म्हणालीस, तुमचा पाय? मी म्हटलं, बरा आहे. तू म्हणालीस, खरं सांगा. मी म्हटलं, पायऱ्या उतरताना दुखतो. तू म्हणालीस, निधीचे पुढचे दोन दात पडलेत, बोलताना हवा जाते. हे मला ठाऊक होतं, पण मी ठाऊक नसल्यासारखं ऐकलं.

उन्हं उतरली, तेव्हा पुढच्या वाचनाला अजून थोडा वेळ होता. तू एकदम म्हणालीस, "आई, मला तुम्हांला एक सांगायचंय. खूप दिवस सांगायचं होतं, जमलंच नाही."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. आधी पुढचा आकडा घे."

तुझ्याकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "घेते. सांगा." इझाबेल माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, फर्डिनंडचं काही वाईट कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि वाचायला लागले.

तुला तोडलं, ते राग म्हणून नाही. इझाबेलचा नवरा पाण्यात होता आणि तिचा हात माझ्या कानाशी होता. आणि तुझं सांगणं असं घाईत, दोन आकड्यांच्या मधल्या वेळात उरकायचं नव्हतं. त्याला त्याची जागा हवी.

अंधार पडायच्या आधी तू जागा सांगितलीस. भरतीनं बोट वर नेली होती, ओहोटीनं परत आणली होती, पण नेली तेवढी आणली नव्हती. प्रत्येक फेरीत थोडी वर, थोडी बाहेर. उधाणाचे दिवस, त्यामुळे तो फरकही मोठा. म्हणजे सगळे उत्तनला शोधत होते आणि बोट डहाणूच्या पुढ्यात. विलास केळव्याहून तसाच सातपाटीला गेला आणि तिथल्या मच्छीमारांना तू काढलेली जागा दिली. त्यांनी वायरलेसवरून बाहेर असलेल्या सगळ्या बोटींना सांगितलं.

मंगळवारी सकाळी सातपाटीच्याच एका बोटीला ते सापडले. तू सांगितलं होतंस त्यापेक्षा थोडे बाहेर, पण त्या बाजूलाच. तिघेही जिवंत. पुतण्याला उभं राहता येत नव्हतं. मासळीच्या बर्फाचं वितळलेलं पाणी पिऊन दिवस काढले. फर्डिनंड आता घरी आहे, ओठ फुटलेत आणि आवाज बसलाय. काल इझाबेल त्याला माझ्याकडे घेऊन आली. तो सांगत होता, आपण उत्तनच्या समोर आहोत असंच शेवटपर्यंत वाटत होतं, मग लांब डहाणूच्या वीजघराची चिमणी दिसली आणि वाटलं आता डोकं फिरलं आपलं. बराच वेळ बसला. जाताना त्यानं वाडीच्या टोकाला जाऊन खांबाला हात लावला आणि परत आला.

इझाबेलनं चर्चमध्ये तुझ्या नावानं प्रार्थनेची मिस्सा सांगितली आहे. फादरना तुझं नाव लिहून द्यायला मलाच सांगितलं. मी लिहून दिलं.

आता तू लिही. सावकाश, सगळं. मी वाट बघते आहे.

आई


राजोडी,
२ एप्रिल २००८

सुमेधा,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून ठेवावा लागला.

तू विचारलंस, तुम्हांला कधीपासून माहीत होतं. निधी पोहायला लागली तेव्हापासून संशय होता, आणि विलासनं चहा सांडला तेव्हा खात्री झाली. तू विचारलंस, वाईट वाटलं का. वाटलं. जानेवारीत बावखलाकाठी बसून रडले एक दुपार. रमेशबद्दल नाही, तुझ्याबद्दलही नाही. परेश आता खरंच गेला, असं वाटलं म्हणून. तोवर तू आहेस म्हणजे तोही कुठे तरी कामावर गेलाय, असं मी धरून बसले होते. त्यात तुझा काय दोष? रडून झाल्यावर मला फक्त एकाच गोष्टीचं दुःख राहिलं, की तू माझ्यापासून लपवत होतीस आणि त्यानं वाळत चालली असशील.

तू लिहिलंस, "तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी राहू कळत नव्हतं." तुझं आहे तेच तोंड घेऊन ये.

आता कामाचं. तुम्ही दोघं चेन्नईत नोंदणी करून मोकळे होणार, असं लिहिलंयस. तसं होणार नाही. तुझे आईवडील राहिले नाहीत, आणि काकांनी तुझं एक लग्न लावून दिलं, ते हात झटकल्यासारखं. हे लग्न माझ्या दारातून होईल. मे महिन्यात, पावसाआधी, निधीच्या सुट्टीत. मांडव वाडीच्या टोकाला घालू. खांब गेल्या आठवड्यात काढून नेले, विलास दिवसभर तोंड पाडून होता, पण जागा मोकळी झाली आहे. समुद्राचा वारा तिथेच लागतो.

काशीराम भाऊजींना मी स्वतः जाऊन सांगितलं. घरातले वडीलधारे म्हणून त्यांचा मान. त्यांना पटलं नाही. म्हणाले, "वहिनी, घरातली सून कोणी दुसऱ्या घरी देतं का?" मी म्हटलं, "मुलगी देतात तशीच द्यायची." येतील की नाही माहीत नाही. धोंडूबाई, त्यांच्या घरच्या, मात्र मागच्या दारानं बाहेर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, पापड-कुरडया मी करते, तुम्ही मांडवाचं बघा.

गुरुजींना विचारलं, कन्यादान मी केलं तर चालेल का. ते डोकं खाजवत राहिले. विधवा बाईनं, आणि त्यातून सासूनं, असं त्यांच्या पोथीत नसावं. मी म्हटलं, तुम्ही विचार करा, नाही जमलं तर मंत्रांशिवाय करू, हार घालायला मंत्र लागत नाहीत. परवा निरोप आला, की करतो. एवढं गिऱ्हाईक घालवायचं नसेल, किंवा खरंच पटलं असेल. मी दुसरं धरते.

तू विचारलंस, तुम्ही चेन्नईला आमच्याकडे राहायला याल का. आत्ता नाही. केळी आहेत, इझाबेल आहे, पाय आहे. पावसाळ्यात दोन महिने येईन, निधीची शाळा सुरू झाली की. तिला डबा मी देईन.

परेशचा फोटो घरात ठेवू का, हेही विचारलंस. रमेशला विचार. त्याची हरकत नसली तर निधीच्या खोलीत लाव. त्याची हरकत असली, तर मला आधी कळव, म्हणजे लग्नाआधीच मी त्याच्याशी बोलते.

आणि एक. त्याच्या आईंचा पत्ता पाठव. तू दापोली एवढंच लिहिलंयस. मुलीकडच्यांनी आधी लिहायचं असतं.

आई


राजोडी, तालुका वसई,
११ एप्रिल २००८

सौ. लतिकाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. माझं नाव मनोरमा. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. तुमच्या रमेशचं ज्या मुलीशी ठरलं आहे, त्या सुमेधाच्या बाजूनं हे पत्र लिहिते आहे.

तुम्ही विचाराल, नातं काय. नात्यानं मी तिची सासू होते. माझा मुलगा परेश तीन वर्षांपूर्वी गेला. हे तुम्हांला रमेशनं सांगितलं असेल, नसलं तर माझ्याकडून कळू दे, लपवण्यासारखं काही नाही. आता मी तिची आई आहे. या पत्रात जे काही आहे, ते मुलीच्या आईचं म्हणून वाचावं.

लग्न आमच्या घरी करावं, अशी इच्छा आहे. तुमच्याकडची माणसं किती, ते कळवा. राहायची सोय वाडीत होईल, झोपायला गाद्या आहेत, पाणी गोड आहे. मासळी खात असाल तर इथली चांगली, आमच्या इझाबेलबाई स्वतः आणून देतील. खात नसाल तर वालाचं बिरडं माझ्या हातचं बरं होतं. देण्याघेण्याचं आपण काही ठेवू नये, असं मला वाटतं. तुमचंही मत तेच असेल.

मुलीबद्दल लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. रंग सावळा, शिक्षण तुम्हांला ठाऊक. समुद्राचं पाणी कुठून कुठे जातं ते शोधायचं तिचं काम आहे, त्यात ती हुशार आहे. गेल्या महिन्यात तिच्या त्या कामामुळे आमच्याकडची तीन माणसं वाचली. हे ती स्वतः तुम्हांला कधी सांगणार नाही. स्वयंपाक बरा करते, पोळ्या जाड होतात. पहाटे उठते. निधी सहा वर्षांची आहे, तुम्हांला आजी म्हणायला तिला वेळ लागणार नाही. तिच्याशी खोटं बोलू नये, तिला लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र तुम्हांला ठाऊक असावी, कारण आता सुमेधा तुमच्या घरची होणार. तिला समोरच्या माणसाला दुखवण्याची फार भीती वाटते. अशा वेळी ती भांडत नाही, गप्प बसते. महिनोन्‌महिने गप्प बसते. तेव्हा तिच्यावर रागावू नका आणि कारणही विचारू नका. तिला हाक मारा, म्हणावं, मला एवढं जरा वाचून दे, किंवा हे जरा धर. ती लगेच येते. काम करता करता मग सगळं सांगते.

आपली,
मनोरमा
(सुमेधाची आई)